पाच वॅटचा नवा सेट परत करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वॅटचा, हातात मावणारा हौशी रेडिओचा नवा ट्रान्सीव्हर (पाठवणं आणि ऐकणं दोन्ही करणारा सेट) आणला. सोबत आलेली दीड मीटरची टेलिस्कोपिक अँटेना लावून गच्चीवरून ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) मोर्समध्ये दोन संध्याकाळी सीक्यू (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) दिला. एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.३ दाखवतोय, पण एकही उत्तर आलं नाही. सेट खराब आहे का? परत करावा, की पन्नास वॅटचं अँप्लिफायर जोडावं?

अँप्लिफायर घेऊ नका. आणि सेट परत करायचा निर्णय आठवडाभर पुढे ढकला. तुम्ही जे करून पाहिलंत त्यात सेट, अँटेना आणि त्या वेळचं प्रोपगेशन (रेडिओलहरी किती दूर पोहोचतात ती परिस्थिती) या तिन्हींची परीक्षा एकदमच झाली. उत्तर आलं नाही एवढं कळलं, नापास कोण झालं ते कळलं नाही. म्हणून या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सोडवायच्या आणि एकेक तपासायची. बाकी सगळं यातूनच निघतं.

माझा संशय आधीच सांगतो: अँटेना. ४० मीटरवर दीड मीटरची दांडी म्हणजे तरंगलांबीचा जेमतेम अठ्ठाविसावा भाग. इतक्या आखूड उभ्या अँटेनाचा रेडिएशन रेझिस्टन्स (ज्या रोधातून पॉवर हवेत जाते तो) अर्ध्या ओहमच्या आसपास भरतो. तिला जुळवून घेणाऱ्या लोडिंग कॉइलचा रोध आणि जमिनीच्या बाजूचा रोध (तुमच्या बाबतीत ‘जमीन’ म्हणजे सेटचा डबा आणि तुमचा हात) मिळून वीस-पंचवीस ओहम सहज होतात. पॉवर या रोधांच्या प्रमाणात वाटली जाते. पंचवीस ओहम धरले तर पन्नासातला एक हिस्सा हवेत जातो, म्हणजे पाच वॅटमधला जेमतेम ०.१ वॅट. बाकी सगळी उष्णता. अशा अँटेनामागे पन्नास वॅटचं अँप्लिफायर लावलं तर कॉइल तापेल आणि हवेत एक वॅट जाईल. तेवढा एक वॅट तुमचा आत्ताचा सेट एका साध्या तारेतून विनासायास देतो.

एसडब्ल्यूआर चांगला दिसतो म्हणून अँटेना चांगली, असं नसतं. डमी लोडचा (अँटेनाच्या जागी लावायच्या नुसत्या रोधाचा) एसडब्ल्यूआर १.० असतो आणि तो काहीच बाहेर सोडत नाही. उलट आखूड दांडी बँडच्या मोठ्या भागात एसडब्ल्यूआर दोनच्या आत ठेवत असेल तर त्याचा अर्थ नुकसान भरपूर आहे असाच होतो. कमी नुकसानीची आखूड अँटेना फार अरुंद असते, थोडी फ्रिक्वेन्सी सरकली तरी पुन्हा जुळवावी लागते.

आता अँटेना बाजूला ठेवा आणि फक्त सेट टेबलावर घ्या.

सुरुवात बॅटरीपासून, कारण नवे सेट सगळ्यात जास्त इथेच जळतात. माहितीपुस्तिकेत कमाल व्होल्टेज किती दिलंय ते बघा. चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी चार्जरवर १४.६ व्होल्टपर्यंत चढते. तीन सेलची साधी लिथियम आयन बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ असते. काही छोटे सेट बारा व्होल्टसाठीच बनवलेले असतात, तिथे आउटपुटचे ट्रान्झिस्टर हा फरक सहन करत नाहीत. प्लगची ध्रुवता मल्टीमीटरने तपासा, वायरमध्ये फ्यूज टाका. पॉवर बँक आणि व्होल्टेज वाढवणारी यूएसबी केबल पहिल्या तपासणीत वापरू नका. त्यातला स्विचिंग कन्व्हर्टर बँडभर खरखर सोडतो आणि दोष रिसीव्हरवर येतो. आधी साध्या बॅटरीवर ऐका, मग पॉवर बँक जोडून फरक बघा.

मग डमी लोड. तो घरी बनवता येतो: एक किलोओहमचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर पन्नास ओहम होतात, आणि प्रत्येक अर्ध्या वॅटचा असेल तर दहा वॅट निभावतात. वायर-वाउंड रेझिस्टर मात्र नकोत, ते आतून कॉइलच असतात. त्यावर १एन४१४८ डायोड आणि पुढे ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा, कपॅसिटरवर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावा आणि मोर्सची की काही सेकंद दाबून धरा. जो आकडा येईल त्यात डायोडचे ०.६ मिळवा, वर्ग करा, शंभरने भागा. मीटरवर २१.८ आले तर २२.४ चा वर्ग ५०२, म्हणजे पाच वॅट. हे प्रत्येक बँडवर करा आणि लिहून ठेवा. वरच्या बँडवर थोडी पॉवर कमी भरली तर घाबरू नका. पाचाऐवजी चार वॅट म्हणजे एक डेसिबेल कमी, आणि एस-मीटरचं (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचं) एक घर सहा डेसिबेलचं असतं. समोरच्याला तो फरक कळतसुद्धा नाही. एखाद्या बँडवर मात्र एकच वॅट मिळत असेल तर तो फिल्टरचा किंवा जोडणीचा दोष समजा.

त्याच वेळी बॅटरीतून किती करंट जातो तेही मोजा. छोट्या सेटची खरी लायकी मला या आकड्यातून जास्त कळते. काही सेट ऐकताना १०० मिलिअँपिअरच्या आसपास राहतात, आणि त्यांचा आउटपुट कमी वीज वाया घालवणाऱ्या क्लास-डी किंवा क्लास-ई प्रकारचा असल्यामुळे पाच वॅट देताना ७०० मिलिअँपिअरमध्ये भागतं. मोठ्या रंगीत पडद्याचे सेट नुसतं ऐकतानाच ५०० घेतात आणि पाठवताना दोन अँपिअरपर्यंत जातात. तीन अँपिअर-अवरच्या बॅटरीवर पहिला दिवसभर चालेल, दुसरा पाच तासांच्या आत बसेल. डोंगरावर सामान वाहून नेणाऱ्याला हा फरक खांद्यावर जाणवतो. पॉवरचा आकडा वाचतानाही तो कोणत्या पुरवठ्यावरचा आहे ते बघावं. आयकॉमचा आयसी-७०५ आतल्या बॅटरीवर पाच वॅट देतो आणि बाहेरून १३.८ व्होल्ट दिले की दहा.

एक मिनिट सलग की दाबून पॉवर सुरुवातीला किती आणि शेवटी किती, तेही बघा. एवढ्या छोट्या डब्यात पंखा नसतो. मोर्स आणि बोलणं यात विश्रांती मिळते, पण संगणकातून चालणाऱ्या एफटी८ या मोडमध्ये दर पंधरा सेकंदांच्या पाळीत १२.६ सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते आणि डब्ल्यूएसपीआरमध्ये (क्षीण सिग्नल किती दूर जातो ते तपासणारा मोड) जवळपास ११० सेकंद. डबा हाताला चटका देत असेल तर या मोडना दोन-अडीच वॅट पुरे.

डमी लोडवरच पाठवत असताना शेजारी दुसरा कुठलाही रिसीव्हर ठेवून स्वतःचा मोर्स ऐका. सूर स्वच्छ हवा. प्रत्येक डॅशच्या (मोर्समधल्या लांब सुराच्या) सुरुवातीला सूर घसरत असेल तर बॅटरी ताणाखाली वाकते आणि ऑसिलेटर तिच्यामागे जातो. जाड वायर आणि भरलेली बॅटरी लावूनही घसरण राहिली तर दोष सेटमध्ये आहे. आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सीवर टकटक ऐकू येत असेल तर कीइंगचा उतार फार तीव्र आहे, म्हणजे की दाबता-सोडताना सिग्नल फार झटक्याने चढतो-उतरतो. हे शेजारच्या स्टेशनांना त्रास देणारं आहे, तेव्हा ते तसंच सोडू नका.

रिसीव्हरची तपासणी याहून महत्त्वाची. पाच वॅटचा ऑपरेटर बहुतेक वेळ ऐकत असतो, आणि ज्या सेटवर तासभर ऐकून डोकं दुखतं तो सेट कितीही वॅट देवो, कपाटात जातो. एजीसी (आवाजाची पातळी आपोआप राखणारी सोय) बंद करता येत असेल तर करा, हेडफोनच्या आउटपुटला मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा. आधी अँटेनाच्या जागी डमी लोड, मग खरी तारेची अँटेना, बँडवरच्या रिकाम्या जागी. अँटेना लावल्यावर गोंगाटाचं व्होल्टेज तिप्पट झालं तर दहा डेसिबेल वाढ झाली. याचा अर्थ रिसीव्हर बँडच्या स्वतःच्या गोंगाटापर्यंत पोहोचतोय आणि त्याहून संवेदनशील रिसीव्हरचा इथे काही उपयोग नाही. ४० मीटरवर जवळजवळ कुठलाही धड सेट यात पास होतो. शांत जागी १० मीटरवर करून बघा, तिथे कमकुवत रिसीव्हर उघडा पडतो.

छोट्या सेटची कसोटी मात्र संवेदनशीलतेपेक्षा ताकदवान स्टेशनांसमोर लागते. रात्री ७.२ मेगाहर्ट्झच्या वर जगाच्या बऱ्याच भागात ब्रॉडकास्ट केंद्रं असतात, त्यांची शक्ती किलोवॅटच्या शेकड्यांत. त्यांच्या खालीच आपला बँड. लांब तार लावली की काही सेटमध्ये या केंद्रांचं मिश्रण होऊन ७.०३० वरसुद्धा कुजबुज, संगीत, भुतासारखे सूर येऊ लागतात. हे खरं आहे की सेटच्या आत तयार झालेलं, ते ओळखायची पद्धत सोपी आहे. दहा डेसिबेलचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) लावा. खरा सिग्नल दहाने उतरतो. सेटच्या आत झालेलं तिसऱ्या क्रमाचं मिश्रण तीसने उतरतं, म्हणजे एकदम नाहीसं होतं. अटेन्युएटर लावल्यावर बँड स्वच्छ झाला आणि हवं ते स्टेशन मात्र नीट ऐकू येत राहिलं, तर रात्री ४० मीटरवर तो लावूनच ऐकायचा. यात काही कमीपणा नाही. मोठे सेटवालेही हेच करतात.

साउंडकार्डच्या धर्तीवर आय-क्यू पद्धतीने (सिग्नलचे दोन भाग करून आकडेमोडीने ऐकवणाऱ्या) चालणाऱ्या सेटमध्ये आणखी एक बघा. एखादा जोरदार सलग सूर पकडा आणि डायल हळूहळू फिरवून तो शून्यापर्यंत उतरवा, मग पलीकडे जा. पलीकडच्या बाजूला तो ऐकू येता कामा नये. जवळपास तेवढ्याच जोराने परत आला तर नको असलेली साइडबँड (सिग्नलची दुसऱ्या बाजूची प्रत) दाबली जात नाहीये. बऱ्याच सेटमध्ये मेनूतून हे जुळवता येतं, म्हणून त्यावरून लगेच सेट नापास करू नका.

फ्रिक्वेन्सीची खातरी करायला १० मेगाहर्ट्झवरची वेळेची प्रमाण केंद्रं आहेत. अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि चीनचं बीपीएम ही दोन्ही तिथे असतात, तुमच्याकडे जे पोहोचेल ते घ्या. अपर साइडबँडवर डायल ९.९९९ ठेवा. संगणकावरच्या वॉटरफॉलमध्ये (फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रात) सूर बरोबर १००० हर्ट्झवर यायला हवा. १००५ वर आला तर सेट पाच हर्ट्झ खाली आहे, आणि तीच चूक २८ मेगाहर्ट्झवर चौदा हर्ट्झ होईल. बोलायला चालेल, मेनूत दुरुस्तही करता येईल.

इथपर्यंत एकही माणूस लागला नाही, बँड उघडा की बंद याचाही संबंध आला नाही. हे सगळं ठीक निघालं तर सेट चांगला आहे आणि पुढचं काम तारेचं.

पहिली तार म्हणून २० मीटर बँडचा साधा डायपोल (मध्यातून जोडलेली दोन हातांची तार) बनवा: दोन्ही बाजूंना पाच मीटर आणि थोडीशी कापायला जादा. मध्य एका सात-आठ मीटरच्या फायबरच्या काठीवर, टोकं खाली उतरती. ४० मीटरच हवा असेल तर साधारण २०.२ मीटर तार आणि ४९:१ ट्रान्सफॉर्मर घेऊन टोकाकडून दिलेली अर्धतरंग अँटेना, जी २०, १५ आणि १० मीटरवरही चालते. तिच्या कोएक्सवर (सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर) सेटच्या बाजूला चोक (केबलच्या बाहेरून येणारा प्रवाह अडवणारी कॉइल) हवाच. ४३ मटेरियलच्या टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) पातळ कोएक्सचे दहा-बारा वेढे पुरतात. चोक नसेल तर कोएक्सचं बाहेरचं कवच अँटेनासारखं वागतं, आणि छोट्या सेटमध्ये त्याची लक्षणं फार विचित्र असतात: की आपोआप दाबली जाते, पडद्यावरचे आकडे उड्या मारतात, यूएसबी तुटतं. लोक याला सॉफ्टवेअरचा दोष समजून फर्मवेअर बदलत बसतात. पॉवर अर्ध्या वॅटवर आणल्यावर त्रास थांबला तर तो आरएफचा, म्हणजे स्वतःच्याच रेडिओलहरींचा, आहे. आरजी-१७४ ची केबल हलकी असते, पण १४ मेगाहर्ट्झला दहा मीटरमागे एक-सव्वा डेसिबेल खाते. पाच-सहा मीटर ठेवा, पंचवीस नको.

दांडी टाकून देऊ नका. तिच्यासोबत २० मीटर बँडवर जमिनीलगत पाच मीटरची एक मोकळी तार सेटच्या ग्राउंडला जोडली की ती बरीच सुधारते. मात्र तिच्या जिवावर सेटची परीक्षा घेऊ नका.

आता प्रोपगेशन. १४.१०० मेगाहर्ट्झवर मोर्स फिल्टर लावून तीन मिनिटं नुसतं बसा. तिथे जगभरातली अठरा बीकन (ठरलेला सिग्नल ठरावीक वेळी पाठवणारी) केंद्रं एकामागून एक, प्रत्येकी दहा सेकंद, अशी फिरती पाळी चालवतात. कॉल साइन (स्टेशनचं ओळखनाव) आणि पहिला डॅश १०० वॅटने जातो, दुसरा डॅश दहा वॅटने, तिसरा एक वॅटने आणि चौथा ०.१ वॅटने. ज्या केंद्राचा दुसरा डॅश तुम्हाला स्पष्ट ऐकू येतो, त्या दिशेला तुमचे पाच वॅट पोहोचण्याजोगे आहेत. तिसराही आला तर त्या दिशेला लगेच कोणी शोधा. आणि चौथा डॅश ऐकाल तेव्हा लक्षात घ्या, तुमची दांडी गच्चीतून जेवढं पाठवत होती तेवढंच हे आहे. हा नुसता ऐकण्याचा प्रयोग मी प्रत्येक नवशिक्याला आधी करायला लावतो, कारण पाच वॅटबद्दलची भीती आणि भाबडी आशा दोन्ही त्याने जागेवर येतात. हीच पाळी १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० वरही चालते.

पाठवण्याची परीक्षा माणसांची वाट न बघता करता येते. मोर्समध्ये सीक्यू देऊन कॉल साइन दोन-तीनदा पाठवा. रिव्हर्स बीकन नेटवर्कचे स्वयंचलित रिसीव्हर तो वाचून किती डेसिबेलने ऐकलं ते काही क्षणांत दाखवतात. पुन्हा पाठवताना फ्रिक्वेन्सी थोडी सरकवा, नाहीतर नवी नोंद लगेच होत नाही. संगणक जोडता येत असेल तर डब्ल्यूएसपीआर आणखी उपयोगी. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले जो टेलर यांनी ती पद्धत २००८ मध्ये हौशी रेडिओसाठी आणली. तिच्या नोंदीत सिग्नलच्या जोराबरोबर ड्रिफ्टचाही स्तंभ असतो, हर्ट्झ प्रति मिनिट. बहुतेक ठिकाणांहून शून्य येत असेल तर तुमचा ऑसिलेटर स्थिर आहे. सगळीकडून दोन-तीन येत असेल तर सेट तापताना सरकतो आहे. सेट आधी दहा मिनिटं चालू ठेवून पुन्हा बघा.

दोन अँटेनांची किंवा दोन सेटची तुलना करताना काल आणि आज अशी कधीच करू नका. फेडिंगमुळे एकाच ठिकाणचा आकडा काही मिनिटांत दहा डेसिबेल वर-खाली होतो. आलटून पालटून पाठवा, तेच तेच रिसीव्हर घ्या आणि मधला आकडा धरा. दांडी आणि डायपोल २० मीटरवर असे लावून बघितलेत तर अँप्लिफायरचा विषय तिथेच संपेल.

माणसांशी बोलायची वेळ आली की सीक्यू देण्यापेक्षा दुसऱ्यांच्या सीक्यूला उत्तर द्या. शंभर वॅट आणि पाच वॅट यात तेरा डेसिबेलचा फरक आहे, एस-मीटरची दोन घरं आणि वर थोडं. समोरचा शंभर वॅटवर एस-८ येत असेल आणि त्याच्याकडे फार गोंगाट नसेल तर तुम्ही त्याला साधारण एस-६ असता, म्हणजे आरामात. एस-३ ने येणाऱ्याला हाका मारत बसू नका. ७.०३० आणि १४.०६० या मोर्समधल्या क्यूआरपीच्या (कमी पॉवरच्या) ठरलेल्या जागा आहेत, तिथे कमी पॉवरचे सिग्नल कान देऊन ऐकणारे भेटतात. बोलूनच करायचं असेल तर १४.२८५, पण पाच वॅटवर आवाजापेक्षा मोर्स बरंच पुढे जातो, हे धरून चला. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी होणाऱ्या सीक्यू वर्ल्ड वाइड स्पर्धेत, पहिली बोलण्याची आणि दुसरी मोर्सची, मोठमोठ्या अँटेनांची स्टेशनं प्रत्येक क्षीण सिग्नल उकरून काढतात. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांना नवे कॉल कमी पडतात तेव्हा तुमचे पाच वॅट त्यांना हवेच असतात. डोंगरमाथ्यावरून करायचं असेल तर २००२ मध्ये सुरू झालेला ‘समिट्स ऑन द एअर’ हा उपक्रम बघा. तिथे तुमची फ्रिक्वेन्सी नोंदवली की लोक स्वतःहून शोधत येतात. परवान्यात तुम्हाला कोणते बँड आणि कोणत्या अटी आहेत, बाहेर जाऊन चालवताना कॉल साइन कसा द्यायचा, ते आधी बघून ठेवा.

उन्हात पडदा दिसतो का, डायल धक्क्याने हलते का, हे एका फेरीत कळेल. मोर्सवाल्यांनी एक जरूर बघावं: की दाबणं आणि साइडटोन (स्वतःचा मोर्स ऐकवणारा सूर) ऐकू येणं यात अंतर पडतं का. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या काही सेटमध्ये ते इतकं असतं की मिनिटाला वीस शब्दांच्या वेगाला हात अडखळतो. हे काही अपडेटने सुधारेल या आशेवर ठेवू नका. तुम्ही त्या वेगाने पाठवत असाल तर सेट बदला.

म्हणजे परत करण्याजोग्या गोष्टी एवढ्याच: डमी लोडवर एखाद्या बँडला पॉवर अगदीच नाही, भरल्या बॅटरीवरही सूर घसरतो, चांगली तार लावूनही गोंगाट वाढत नाही, किंवा साइडटोन उशिरा येतो आणि तुम्हाला चालत नाही. विक्रेत्याला लिहिताना बँडवार व्होल्टेज, करंट आणि वॅटचे आकडे द्या, ‘कोणी उत्तर देत नाही’ असं लिहू नका. त्यावर तो अँटेनाचं नाव सांगून मोकळा होईल, आणि तुमच्या आत्ताच्या जोडणीत त्याचं म्हणणं बरोबरही असेल. दोन संध्याकाळी ४० मीटरवर दिल्यात तेवढाच वेळ दुपारी २० मीटरला, डायपोलवर द्या, आणि रिव्हर्स बीकनच्या नोंदी इथे टाका. त्या बघून अँटेना कुठे वळवायची ते सांगतो.